नक्कल खरी कशी राहील?

मुंबईच्या हार्बर रेल्वेवर रे रोड नावाचे स्थानक आहे. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे हे नाव. जवळच दारूखाना, तिथे लोखंडाच्या वखारी. मुंबईच्या माथाडींत साताऱ्याकडची माणसे पुष्कळ. आज ऐकणाऱ्यांपैकी कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा तिकडे ओझी उचलत असेल.

अशाच एका वखारीचे हिशेब मी काही वर्षे पाहिले. वह्या संगणकात गेल्या होत्या, आणि त्यांची नक्कल कळंबोलीच्या कचेरीतल्या दुसऱ्या संगणकावर आपोआप उतरत असे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हापासून, वही एकाच जागी ठेवू नये हे मालकांनी मनाशी पक्के केले होते.

एके दिवशी साठ माणसांच्या मजुरीत वाढ नोंदवायला घेतली आणि मध्येच वीज गेली. वीज आल्यावर पाहतो, तर पंचवीस नावांपुढे वाढ, पस्तीस नावे कोरडी! कळंबोलीच्या नकलेत तर एकाही नावापुढे वाढ नाही. आता खरी वही कोणती म्हणायची?

दोष नकलेचा नव्हता. मूळ वही ज्या पद्धतीने साठवली होती, तिचा होता. मायएसक्यूएल नावाच्या संगणकीय वहीत साठवणीच्या निरनिराळ्या पद्धती मिळतात. त्यांना ‘स्टोरेज इंजिन’ म्हणतात. त्यांतल्या दोन मुख्य : मायआयसॅम आणि इनोडीबी. आमची वही पहिल्या पद्धतीची होती.

मायआयसॅम एकेक ओळ लिहीत जाते. मध्येच खंड पडला, तर लिहिलेले तसेच राहते. इनोडीबी मात्र सगळा व्यवहार एक मानते. साठही नोंदी झाल्या तर ठीक. नाहीतर एकही नाही. वीज आल्यावर ती आपली कच्ची नोंद वाचून अर्धवट काम मागे घेते.

नकलेचा संबंध इथेच येतो. मूळ संगणक पुऱ्या झालेल्या कामांची एक रोजकीर्द लिहितो आणि नक्कल करणारा संगणक ती वाचून तेच काम आपल्याकडे करतो. आमचे काम पुरे झाले नाही, म्हणून ते रोजकीर्दीत चढलेच नाही. पण वहीत मात्र पंचवीस ओळी उमटल्या. इनोडीबीत वही आणि रोजकीर्द यांचा मेळ राहतो. मात्र दोन्ही नोंदी तबकडीवर पक्क्या उतरल्याशिवाय व्यवहार पुरा धरू नये, अशी ताकीद संगणकाला दिलेली असावी लागते.

दुसरी गोष्ट. कळंबोलीत कुणी वर्षाचा लांबलचक गोषवारा काढत बसला, तर मायआयसॅम तेवढा वेळ सारा तक्ता अडवून धरते आणि नक्कल मागे पडते. इनोडीबीत वाचणारा वाचतो, लिहिणारा लिहितो.

मग मायआयसॅम टाकाऊच का? तसे नव्हे. कधी न बदलणारी, नुसती वाचायची यादी असेल, तर ती जागा कमी घेते आणि कामही चोख करते. पण एकाच व्यवहारात दोन्ही पद्धती मिसळू नका. काम फसले तर एकीतला भाग मागे जातो, दुसरीतला तसाच राहतो.

२०१० सालच्या ५.५ या आवृत्तीपासून मायएसक्यूएल नवे तक्ते आपण होऊन इनोडीबीतच बांधते. जुने तक्ते मात्र आपोआप बदलत नाहीत. ते एकेक तपासून बदलावे लागतात.

गुरुजी, तुमच्या शाळेचे जनरल रजिस्टर संगणकात असेल, किंवा तुमच्या गावच्या दूधसंस्थेचा हिशेब असेल, तर ते बसवून देणाऱ्याला एवढेच विचारा : “काम अर्ध्यावर तुटले तर वहीत काय उरेल?” उत्तर नीट मिळाले नाही, तर नकलेवर विसंबू नका.

आणि बरे का, नक्कल म्हणजे राखीव प्रत नव्हे. इकडे चुकून खोडलेले नाव क्षणात तिकडेही खोडले जाते. म्हणून ठरलेल्या वारी एक प्रत वेगळी काढून कपाटात ठेवावी.

आमच्या वखारीत त्या साठ नावांची मजुरी शेवटी कागदी हजेरीपटावरून पुन्हा लावावी लागली. ज्याने दिवसभर ओझे वाहिले, त्याचा दाम वहीच्या पद्धतीमुळे अडू नये, एवढेच माझे सांगणे.