लेण्यांची चित्रं आणि पुण्याचा गंगाराम

अठराव्या शतकात युरोपातले चित्रकार रोममधली पडकी देवळं, त्यांवर उगवलेली झुडपं आणि पायथ्याशी इवलीशी माणसं रंगवत होते. वैभव टिकत नाही, हा त्या चित्रांचा आशय.

ही दृष्टी पुण्यातही आली. इंग्रजांचे वकील चार्ल्स मॅलेट यांच्यामुळे शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. १७९१ साली मुंबईत आलेले स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात पेशवे दरबाराची चित्रं काढू लागले. पण त्यांचं मन रमलं लेण्यांत. १७९५ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यांनी १८०३ साली चोवीस चित्रांचा संच छापला.

याच वर्तुळात घडला आपला गंगाराम चिंतामण तांबट. त्यानं वेरूळ आणि कार्ल्याची लेणी रेखाटली. युरोपीय पाहुण्यांना जिथं प्राचीन अवशेष दिसत, तिथं गंगारामला वेरूळच्या कैलासासारखी देवाची जागाही दिसत असणार. म्हणूनच त्याची चित्रं मोलाची आहेत. त्यांतली बरीच आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत.

शिरूर, दौंडच्या विद्यार्थ्यांनो, तुम्हीही गंगारामसारखी वही-पेन्सिल घ्या आणि आपल्या गावची जुनी वेस, बारव, देऊळ, दर्गा रेखाटा. चित्राखाली तारीख आणि गावाचं नाव जरूर लिहा. उद्याच्या अभ्यासकाला तोच पुरावा ठरेल.