आंब्याच्या पानावरील अळी

परसांतील आंब्याचें पान न्याहाळतांना एखादे वेळीं त्याची मधली शीरच हळूच पुढें सरकल्यासारखी वाटते. जवळ जाऊन पाहावें तों ती शीर नसून अळी असल्याचें ध्यानांत येतें. मग ‘सुरवंट, सुरवंट’ अशी ओरड होते, कोणी तरी केरसुणी घेऊन धांवतें आणि त्या जीवाचा निकाल लागतो. अंगावर काटे दिसले, एवढाच काय तो त्याच्याविरुद्ध पुरावा!

अशी अळी बहुधा यूथेलिया अकॉन्थिया या फुलपाखराची असते. इंग्रजींत त्यास ‘कॉमन बॅरन’ म्हणतात. आंब्याप्रमाणें काजूच्या पानांवरही ती वाढते. तिचें अंग जून पानासारखें हिरवें. पाठीवरून डोक्यापासून शेवटापर्यंत एक फिकट पिवळी रेघ गेलेली. दोन्ही बाजूंस लांब, पिसासारखे फुटवे असलेले काटे असतात; ते उभे न राहतां पानावर आडवे पसरतात. खरी खुबी येथेंच आहे. कोणताही प्राणी कितीही हिरवा असला तरी त्याच्या कडेची सांवली त्याचा घात करते; या काट्यांच्या झालरीनें ती सांवलीच पुसली जाते. मात्र अळी मधल्या शिरेवर, शिरेच्याच दिशेनें पडून असली पाहिजे. ती आडवी झाली कीं सोंग उघडें पडलें.

ओळख पटविण्याचें अगत्य निराळ्याच कारणासाठीं आहे. पॅरासा लेपिडा नांवाच्या पतंगाची अळीही हिरवी असून आंब्यावर व नारळावर आढळते. ती मात्र आंखूड, जाड, गोगलगायीसारखी सरकणारी; पाठीवर निळसर पट्टे आणि आंखूड कांट्यांचे झुबके. तिला बोट लागल्यास भयंकर आग होते. मुलांना हा भेद अवश्य दाखवावा, पण दुरूनच.

फुलपाखराची मादी एकेक अंडें सुटें घालीत असल्यामुळें घरच्या आंब्याचें नुकसान होण्याची भीति नाहीं. खात्री करून घ्यावयाची असल्यास पान डहाळीसह कापून रुंद तोंडाच्या बरणींत ठेवावें, वर मलमल बांधावी आणि रोज ताजें, जून पान द्यावें. कोंवळें तांबूस पान तिच्या सोंगास उपयोगी नाहीं. कोष हिरवा, कंगोरेदार व पानाखालीं टांगलेला दिसला, तर ती निरुपद्रवीच होती असें समजावें. दुसरीचा कोष टणक असून तो झाडाच्या सालीला चिकटलेला आढळतो. पुढें तपकिरी रंगाचें फुलपाखरूं बाहेर येईल; त्याचे पंख पुरते वाळेपर्यंत त्यास हात न लावतां बरणी खिडकीशीं उघडी ठेवावी.