हत्यार कुणाचे, निवड कुणाची?



शाळा आम्हांला सातवीपर्यंतच लाभली. संगणकावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? पण कामगाराच्या हत्याराविषयी भांडणे हा आमचा तीस वर्षांचा उद्योग आहे, आणि आजचा प्रश्न हत्याराचाच आहे.

२०२० साली टाळेबंदीत कचेऱ्या घरात आल्या. आमचे एक सभासद जन्मांध. हिशेबात मोठे पटाईत. कचेरीने त्यांना संगणक घरपोच दिला. पण पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या ज्या स्क्रीन रीडरवर त्यांचा हात बसलेला, तो त्यांत नव्हता. आणि बाहेरचा प्रोग्राम घालण्यास मनाई! विंडोजमध्ये नॅरेटर अंगचाच असतो हे खरे. पण हातचे हत्यार बदलले की कसबी माणूसही चाचपडतो. पंधरा दिवस तसेच गेले, आणि शेरा आला, ‘काम होत नाही.’

त्यांच्याशेजारी बसून आम्ही जे शिकलो ते सांगतो. हा संगणक डोळ्यांनी नव्हे, बोटांनी आणि कानांनी निवडावा. माउस त्यांच्या कामाचा नाही. सारे काम कळांवर. म्हणून इन्सर्टची कळ आणि उजवीकडचे आकडे आहेत का, ते आधी चाचपावे. नसतील तर वेगळा कीबोर्ड जोडावा. कळ दाबताच आवाज आला पाहिजे. त्यासाठी एसएसडी हवी, आणि मेमरी ८ जीबीहून कमी नको. बैठक, ब्राउझर आणि हिशेबाचा तक्ता एकदम चालवायचा तर १६ बरी. खेळासाठी असते तसले महागडे ग्राफिक्स कार्ड घेऊ नये. हेडफोन तारेचा घ्यावा. बिनतारीत आवाज मागे पडतो. अंधुक दिसणाऱ्याची गोष्ट मात्र निराळी. त्याला मोठा पडदा उपयोगी पडतो.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने तो २००६ साली सुरू केला. तो पेन ड्राइव्हवर घालून दुकानात न्यावा, आणि पैसे मोजण्यापूर्वी संगणक बोलका करून पाहावा. आणखी एक विचारावे: घरून कचेरीतला संगणक चालवायचा आहे का? तसे असेल तर घरी येते ते बहुधा नुसते चित्र. घरच्या स्क्रीन रीडरला ते वाचता येत नाही. सोय दोन्ही टोकांना लागते.

आता खर्चाचे. गिरणीतल्या साचेवाल्याने साचा कधी घरून आणला होता काय? मग अंध कारकुनानेच हत्यार पदरमोड करून का आणावे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सरकारी आस्थापनांना वाजवी सोय करून देण्यास बांधते. कलम २१ प्रत्येक आस्थापनेला समान संधीचे धोरण जाहीर करायला लावते. ते धोरण मागा, वाचा आणि अर्ज लेखी द्या.

आमच्या सभासदांनी तसा अर्ज दिला. सव्वा महिन्याने परवानगी आली. तोच शेरा लिहिणारे साहेब आज आपले तक्ते त्यांच्याकडून तपासून घेतात!

खर्च मालकाचा, निवड कामगाराची. एवढे आपण ध्यानात ठेवलेत तर आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.