एका खुर्चीचा दवाखाना



पुणे-सोलापूर महामार्गावरून जाता-येता मोडनिंबची पाटी आपण पाहिली असेल. कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वेने गेलेल्यांना इथलं स्टेशन ठाऊक असेल, आणि संगीत बारीच्या रसिकांना तर मोडनिंब वेगळं सांगावं लागत नाही. इथून जवळच अरण, सावता महाराजांचं गाव. मळा सोडून महाराज पंढरीला गेले नाहीत, म्हणून त्यांची पालखी आजही पंढरपूरला जात नाही. पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. तसंच, दवाखाना बंद ठेवून पुण्या-मुंबईच्या परिषदा गाठणं ज्यांना जमत नाही, अशा आम्हा मंडळींच्या दारी आज दंतवैद्यांची परिषद आली आहे. याचा आम्हाला फार आनंद आहे.

इम्प्लांट, लेझर, अलायनर यांवर बोलणारी व्यासपीठं पुष्कळ आहेत. आज आपण ठरवून दुसरा विषय घेतला आहे. एक खुर्ची, एक डॉक्टर आणि एक मदतनीस एवढ्यावर चालणारा दवाखाना टिकतो कसा, आणि तो चालवणारा माणूस थकतो कशाने?

खेड्यात दाढेचं रूट कॅनॉल अर्ध्यावर आलेलं असतं. तीन कॅनॉल सापडले आहेत, चौथा शोधतोय, आणि वीज जाते. इन्व्हर्टरवर दिवा लागतो, पंखाही फिरतो. पण कंप्रेसरचा भार तो ओढत नाही. टाकीत उरलेली हवा संपेपर्यंत दात कोरणारी एअरोटर चालते, मग तिचा आवाज बारीक होत थांबतो. पेशंट आ वासून पडलेला, अर्धा जबडा सुन्न, बाहेर बाकावर चार जण. अशा वेळी हाताने फाईल चालवत, पेशंटशी बोलत, वीज यायची वाट बघायची. ज्यांना जनरेटर परवडला त्यांनी घेतला. पाण्याचंही तेच. बोअरच्या पाण्यातले क्षार एअरोटरच्या बारीक छिद्रांत बसतात, फवारा मंदावतो, दात तापतो. मेकॅनिक सोलापूरहून यायचा. तो येईपर्यंत डॉक्टरच पाना-पकड घेऊन खुर्चीखाली शिरलेला असतो.

शहरातल्या मित्रांना वीज-पाण्याचा त्रास कमी असेल, पण त्यांचं दुखणं जागेचं आहे. जुळे सोलापूर असो की नवी पेठ, रस्त्यावरचा गाळा म्हटलं की अनामत रक्कम आणि दरवर्षी वाढणारं भाडं आलंच. वरच्या मजल्यावर जावं तर गुडघे धरलेली आजी कवळीसाठी जिना चढत नाही. त्यातच समोरच्या चौकात मोठ्या साखळीचा फलक लागतो: तपासणी मोफत, हप्त्यांची सोय. बँकेचं कर्ज काढून खुर्ची घेतलेल्या तरुण डॉक्टरने तो फलक पाहून रात्री काय हिशेब मांडायचा?

निर्जंतुकीकरणाचा वेळ तर कोणी मोजतच नाही. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली १५ मिनिटं, हे आपण पहिल्या वर्षापासून पाठ केलंय. पण तापायला लागणारा वेळ, वाळायला लागणारा वेळ धरला की एक फेरी पाऊण तासाच्या घरात जाते. एअरोटर दोनच असतील तर दिवसात पेशंट किती घ्यायचे हे डॉक्टर ठरवत नाही, ऑटोक्लेव्ह ठरवतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळी, लाल, निळी अशी विभागणी, सुयांसाठी पांढरा डबा, पिशव्यांना बारकोड, वर नोंदवही. क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी. हे सगळं असायलाच हवं, माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच, की शंभर खाटांच्या रुग्णालयात या कामाला वेगळा माणूस असतो, आणि आपल्याकडे तोच माणूस दात काढतो, पावती फाडतो आणि रात्री पोर्टलवर माहिती भरतो.

आता पैशाचं बोलू, कारण आपण ते एकमेकांत बोलत नाही. या भागातला पेशंट बुडवणारा नाही. तो सांगतो, "डॉक्टर, ऊस गेला की देतो," आणि देतोही. उसाचं बिल १४ दिवसांत मिळावं असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. ते लांबलं की आपलंही लांबतं. माझ्या टेबलाच्या खणात लॅबमधून आलेल्या कॅप नावाच्या चिठ्ठीसह पडून असतात. माप दिलं तेव्हा हातात पैसे होते, कॅप आली तेव्हा बी-बियाणं घ्यायचं होतं. लॅबला मात्र पैसे महिनाअखेर द्यावेच लागतात. नेहमीच्या दंतोपचारांना विम्याचा आधार जवळजवळ नाही. मग "दाढ वाचवायची की काढायची" या प्रश्नाचं उत्तर अनेकदा खिसा देतो. आणि काढायची ठरली तरी भीती उरतेच, की वरची दाढ काढली तर नजर जाते. तसं होत नाही, हे आपण रोज, प्रत्येकाला, न कंटाळता सांगायचं. या सांगण्याची फी नसते, पण तेही उपचारच आहेत.

हे दवाखाने का टिकले पाहिजेत, याचं माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं कारण पुढे आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक धूर काढणारे नव्हेत, खाणारे-चोळणारे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी माव्याची पुडी खिशात आहेच. आयाबाया सकाळी मिश्री लावतात. विशीतला ट्रॅक्टर ड्रायव्हर दाढ दुखते म्हणून येतो. त्याला म्हणावं, आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घाल. दोनच जातात. गालाच्या आतून बोट फिरवलं की कडक दोरीसारखे पट्टे लागतात, तिखट खाल्लं की आग होते असं तो सांगतो. त्याच्या मते तो दाढेसाठी आला आहे. कर्करोगाकडे जाणारी वाट त्या क्षणी फक्त आपल्याला दिसते. हा मुलगा दाढ दुखली नसती तर मोठ्या रुग्णालयात तपासणीला कधीच गेला नसता. महामार्गाकडेचा, गल्लीतला, एका खुर्चीचा दवाखाना बंद पडला तर हे तोंड वेळेवर कोण बघणार?

म्हणून मला दर पाडण्याच्या स्पर्धेचा राग येतो. शेजारच्यापेक्षा स्वस्त करायचं म्हणजे काहीतरी कापायचं. भाडं कापता येत नाही, वीजबिल कापता येत नाही. मग कापली जाते ती ऑटोक्लेव्हची फेरी, नवी फाईल, पेशंटशी बोलण्याची दहा मिनिटं. बाजाराच्या दिवशी तारेने आणि कच्च्या अ‍ॅक्रिलिकने शेजारच्या दातांना नकली दात चिकटवून देणाऱ्यांना रोखायला १९४८ चा दंतवैद्य कायदा आहे. आपल्याआपल्यात लागलेली ही घसरण मात्र कोणताही कायदा थांबवणार नाही; ती आपणच एकत्र येऊन थांबवायची.

डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं, तेव्हा पाठीशी सरकार नव्हतं. आपल्या सोडा फाउंटनच्या धंद्यातून त्यांनी ते उभं केलं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९२५ मध्ये त्यांनी बंगालमध्ये दंतवैद्यांची संघटना बांधली, नियतकालिक सुरू केलं. एकट्याने दवाखाना चालतो, व्यवसाय उभा राहत नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

आपण आज काही साध्या गोष्टी ठरवू शकलो, तर ही परिषद भरवल्याचं समाधान आम्हाला मिळेल. माढा, मोहोळ, पंढरपूर या तालुक्यांनी साहित्याची खरेदी एकत्र करावी. तज्ज्ञांकडे पाठवलेला पेशंट उपचारानंतर मूळ डॉक्टरकडे परत यावा. मानदुखी आणि कंबरदुखी हे आपल्या धंद्याचे ठरलेले आजार. एखादा सहकारी महिनाभर झोपून राहिला तर त्याचे चालू पेशंट शेजारच्याने सांभाळावेत, आणि बरा झाल्यावर तितक्याच सरळपणे परत करावेत. मदतनीस मुलींसाठी तालुक्याच्या ठिकाणी निर्जंतुकीकरणाचं एखादं शिबिर घ्यावं. जागा आणि जेवणाची जबाबदारी मोडनिंब घेईल, हे मी स्वागत समितीशी बोलूनच सांगतो आहे.

दुपारच्या सत्रात खुली चर्चा ठेवली आहे. तिथे केसेस नकोत, हिशेब मांडा. भाडं किती, लॅबचं देणं किती, उधारी किती, हे नावागावासह बोला. ज्येष्ठांनी आधी बोलावं, म्हणजे नुकताच दवाखाना टाकलेल्यांची भीड चेपेल.