पोट साफ होईना आणि पायांत गोळे

आमच्या गटातल्या एका काकूंच्या पायांत गोळे यायचे, पायरी चढवेना. आम्हाला वाटलं, उन्हाचा शीण. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.९ निघालं. ते साधारण ३.५ ते ५ हवं.

डॉक्टरांनी विचारलं, घेता काय काय? रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू होती. तिच्यामुळे लघवीवाटे पोटॅशियम जातं. ते फार कमी झालं की आतडी मंदावतात, शौचाला होत नाही. म्हणून काकू रोज रात्री चूर्ण घेत. त्यात सोनामुखी. जुलाब झाले की आणखी पोटॅशियम जातं, की पुन्हा पोट धरतं. वर एरंडेल घ्या म्हणून आम्हीच सांगितलं होतं! चूर्णात ज्येष्ठमध असेल तर तेही रोज घेऊन पोटॅशियम उतरतं.

मग करायचं काय? आधी पोटॅशियम भरून काढायचं, पण डॉक्टरांच्या हिशेबाने. केळं, शहाळं, रताळं, डाळी चांगल्या. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नको, तिथे पोटॅशियम जास्त होण्याचीच भीती. रक्तदाबाची गोळीही मनाने बंद करू नका.

पोटासाठी इसबगोल चालतं, एक चमचा पेलाभर पाण्यात, लगेच प्यायचं, वर आणखी एक पेला पाणी. कमी पाण्यात घेतलं तर उलट अडकतं. काकूंना डॉक्टरांनी मल मऊ करणारं पातळ औषध दिलं. शौच मऊ व्हावं, पातळ नाही, एवढंच प्रमाण. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर इसबगोलही विचारूनच.

आणि एक बाईमाणसाचं. शेतात आडोसा नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही, अंधार पडेपर्यंत कळ दाबतो. त्यावर कुठलं चूर्ण चालणार? घरात शौचालय असेल तर सकाळी चहानंतर दहा मिनिटं स्वतःची म्हणून ठेवा, सासूबाईंनी हाक मारली तरी.

पोट फुगलं, वाराही सरेना, उलट्या होतात, छातीत धडधडतं किंवा हातापायांतली ताकद जाते, असं झालं तर इसबगोल, एरंडेल, एनिमा काहीच नको. १०८ ला फोन करा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या आणि चूर्णाची डबीसुद्धा पिशवीत घाला. काकूंनी डबी दाखवली, तेव्हाच डॉक्टरांना उलगडा झाला.