धूर मोजला, बस कोण मोजणार?

(पुण्यातील एका वसंत व्याख्यानमालेतल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘शहरातला धूर आणि न्यायालय’. संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, “तुम्ही कुठूनही निघालात तरी शेवटी बसवरच येता. या वेळी जरा न्यायालयावर थांबा.” प्रयत्न करतो. (हशा)

दिल्लीच्या हवेचा मेहता खटला तुम्हाला ठाऊक आहे. 1985 साली वकील एम. सी. मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले वगैरे इतिहास सोडून देतो. आपल्याला हवी ती तारीख 28 जुलै 1998. भुरेलाल यांच्या प्रदूषण-नियंत्रण प्राधिकरणाच्या शिफारशी उचलून न्यायालयानं दिल्ली सरकारला वेळापत्रकच लावून दिलं. शिशाचं पेट्रोल बंद. पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्या रस्त्याबाहेर. 31 मार्च 2001 पर्यंत शहरातली प्रत्येक बस सीएनजीवर. हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच आदेशात आणखी एक कलम होतं: 1 एप्रिल 2001 पर्यंत सार्वजनिक बसगाड्यांची संख्या दहा हजारांवर न्या. हे कुणाच्या लक्षात आहे? पहिल्या रांगेतसुद्धा कुणाच्या नाही. झालं, आलोच मी बसवर!

त्या काळात मी कामानिमित्त दिल्लीला जात असे. मुदत उलटली, पुढे ढकलली गेली, आणि गॅसचे पंप मात्र तुटपुंजेच राहिले. एकदा परतीची गाडी निजामुद्दीनहून होती. करोलबागेत रिक्षा मिळेना. पंपाच्या रांगेतल्या एका सरदारजींना विचारलं, तर म्हणाले, “बैठ जाइए, गॅस भरून सोडतो.” बसलो. रांग मैलभर लांब. पुढे चहावाला, मागे पराठेवाला, मध्ये पत्त्यांचा डाव. रिक्षावाले आदल्या रात्रीपासून तिथंच झोपलेले. एकाचा मुलगा घरून डबा घेऊन आला होता आणि वडिलांच्या मांडीवर गृहपाठ करत होता. सरदारजींनी मला सगळी वंशावळ सांगितली, धाकट्या मेहुण्याच्या लग्नापर्यंत. नंबर जवळ आला तेव्हा पंपावरचा दाब उतरला. माणसं शिव्या देत होती, पण न्यायालयाला नव्हे. सरदारजी म्हणाले, “जजसाहेबांनी तारीख दिली, आता गॅस कोण देणार?” गाडी चुकली हे सांगायला नको. (हशा) अध्यक्षांनी घड्याळ पाहिलेलं मी पाहिलंय.

तर, केंद्र सरकारनं याच सुमारास समिती नेमली, आपल्या शास्त्रज्ञ माशेलकरांची. पुण्यात त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. समितीचं म्हणणं असं की, सरकारनं धुराची मर्यादा ठरवावी. इंधन कोणतं आणि इंजिन कोणतं, हे ठरवू नये. शास्त्रज्ञाला साजेसंच म्हणणं होतं. न्यायालयाला ते पटलं नाही. 5 एप्रिल 2002 च्या आदेशात न्यायालयानं सीएनजीचा आग्रह कायम ठेवला आणि डिझेलवर धावणाऱ्या बसला रोज पाचशे रुपये दंड लावला. महिन्यानंतर रोज हजार. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीतली डिझेलची शहर-बस संपली.

मागून कुणी म्हणतंय, “मग न्यायालय बरोबरच ठरलं ना?” ठरलं. मी अवमान करायला उभा नाही. काळ्या धुराचा लोट गेला आणि तो न्यायालयामुळेच गेला. सरकारवर सोडलं असतं तर आजही फाइल फिरत असती. माझं भांडण वेगळं आहे. माशेलकर समिती आणि न्यायालय यांचा एवढा वाद झाला, पण दोन्ही बाजू बसच्या मागच्या नळीकडे बघत होत्या. बस किती, हा प्रश्न तसाच राहिला. 1998 च्या आदेशानंतर वीस वर्षांनी, 2018 मध्ये, दिल्लीच्या रस्त्यावर सरकारी आणि क्लस्टर योजनेतल्या खाजगी मिळून बसगाड्या होत्या दहा हजारांच्या निम्म्याच्या आसपास. दरम्यान लोकांनी स्कूटर घेतली, मोटार घेतली, आणि सीएनजीनं कमावलेलं त्यांनी फस्त केलं.

आपण हसायचं कारण नाही. 2002 च्या त्याच आदेशात, सीएनजी पोचवायच्या प्रदूषित शहरांच्या यादीत, आग्रा, लखनौ, कानपूर यांच्याबरोबर पुण्याचं नाव आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिलपासून धुराच्या जुन्या, बीएस-तीन मानकाच्या गाड्यांची विक्री थांबवली. कंपन्यांकडे सुमारे सव्वाआठ लाख गाड्या पडून होत्या. शेवटच्या दोन दिवसांत शोरूममध्ये सवलतींची लूट चालली होती. तेव्हा इथल्या किती जणांनी स्वस्तात दुचाकी घेतली? हात वर करू नका, शेजारी बघतायत. (हशा)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुंबईच्या टॅक्सींचा खटला राहिला, पीयूसीची तर गोष्टच निघाली नाही. मुद्द्यावर येतो.

इंधन बदलायचं कलम पाळलं गेलं, कारण दंड कुणाला करायचा ते माहीत होतं: बसमालकाला. संख्या वाढवायच्या कलमात असा एक धनी नव्हता. बस हवी तर डेपोला जागा हवी, ती एकाकडे. पैसा दुसऱ्याकडे. निविदा तिसऱ्याकडे, चालकांची भरती चौथ्याकडे. चौघांनीही प्रतिज्ञापत्रं दिली आणि बस कुणीच दिली नाही. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं पेट्रोल-डिझेलची वाहनं महानगर प्रदेशातून टप्प्याटप्प्यानं हटवता येतील का, हे तपासायला समिती नेमण्याचा आदेश दिला. जरूर तपासा. पण ती वाहनं सोडलेला माणूस सकाळी नऊ वाजता कशात चढणार, हे त्याच कागदावर लिहिलेलं असावं.

म्हणून एक विनंती. याचिका करणारे वकील या सभागृहात नक्की असतील. पुढची याचिका कराल तेव्हा धुराच्या आकड्यांबरोबर बसगाड्यांचा आकडा मागा, वर्षागणिक मागा, आणि त्याच्यापुढे एका जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहून घ्या. आणि बाकीच्यांनी मत मागायला दारात येणाऱ्या उमेदवाराला एवढंच विचारावं: आमच्या थांब्यावर दर किती मिनिटांनी बस येणार?