अंगणातील पिवळी घंटी



फ्रीगंजमधील आमच्या घराच्या फाटकापाशी टेकोमाचे एक झुडूप आहे. त्याच्या फुलांचा रंग हळदीसारखा आणि आकार घंटेसारखा. म्हणून त्यास घंटीफूल असेही म्हणतात. ते बहरले की जाणारे-येणारे क्षणभर थांबतात व रोपाची चौकशी करतात. त्यांना मी आधी एकच गोष्ट सांगतो : हे माझे दुसरे झुडूप आहे. पहिले माझ्याच हातून मेले. ते का मेले, हेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

आमच्या मराठी घरांच्या अंगणांत तुळस, प्राजक्त, जास्वंद ही जणू घरचीच माणसे. टेकोमा मात्र पाहुणा. कालिदासाने मेघदूतात महाकालापाशी असलेल्या उद्यानाचे वर्णन केले आहे, पण त्या उद्यानात हे फूल असणे शक्य नव्हते. ते मूळचे अमेरिका खंडातले. बहामा बेटांचे ते राष्ट्रीय पुष्पच आहे. याची संयुक्त, करवती काठांची पाने थंड प्रदेशातील एल्डर नावाच्या झुडपाच्या पानांसारखी दिसतात, म्हणून इंग्रजीत यास 'यलो एल्डर' म्हणतात. परंतु साम्य पानांपुरतेच. एल्डरला गारवा मानवतो, तर टेकोमाला ऊन हवे. दिवसातून सहा तास तरी ऊन न मिळाल्यास पाने येतात, फुले रुसतात.

आता माझ्या चुकीकडे वळू. मी तीन फूट खोल खड्डा खणला आणि वाळू व शेणखत घालून तो भरला. लाल, मुरमाड जमिनीत हे कदाचित खपून गेले असते. आपली माळव्याची काळी माती निराळी. ती पावसात फुगते व पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा चिकण मातीत भुसभुशीत खड्डा करणे म्हणजे हौद बांधणेच होय. भोवतालचे पाणी त्यात उतरले आणि तेथेच राहिले. पाने पिवळी पडू लागली. झाड तहानलेले आहे असे समजून, पावसाने उघडीप दिली की मी आणखी पाणी घालीत असे. अखेर शेजारचे माळीबुवा आले. त्यांनी मुळाशी बोट खुपसले आणि काही न बोलता ते माझ्यापुढे धरले. बोट चिखलाने माखले होते व त्याला कुजका वास येत होता. श्रावण संपण्यापूर्वीच झाड गेले.

दुसरे रोप मी खड्ड्यात लावले नाही. जमिनीवरच सुमारे एक फूट उंच व चार फूट रुंद असा मातीचा उंचवटा केला. तीच काळी माती घेतली, तीत कुजलेले शेणखत व थोडा मुरूम मिसळला आणि पावसाळ्याच्या आरंभी रोप लावले. पाणी उतारावरून निघून जाऊ लागले. उन्हाळ्यात बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचा थर दिला, त्यामुळे भेगा कमी पडल्या. पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी भरपूर पाणी दिले. मूळ धरल्यावर हे झुडूप पुष्कळ दिवस पाण्यावाचून राहते, आणि उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागणाऱ्या घरास हा मोठाच आधार आहे.

छाटणीचा नियम सोपा आहे. फुले नव्या फांदीच्या शेंड्याला येतात, म्हणून छाटल्याखेरीज बहर दाट होत नाही. मात्र ऐन थंडीत कात्री लावू नये. कोवळे धुमारे गारठ्याने करपतात. थंडी ओसरली की, होळीच्या सुमारास, तिसरा हिस्सा छाटावा. खताचा अतिरेक टाळावा, नाहीतर नुसती पानेच माजतात. नवे रोप हवे असल्यास पावसाळ्यात अर्धवट जून झालेल्या फांदीचे वीतभर तुकडे लावावेत.

आणखी एक कर्तव्य आहे, आणि त्याचा अनेकांना विसर पडतो. फुलांमागून लांब शेंगा येतात. वाळल्यावर त्या उकलतात व आतील पातळ पंखांचे बी वाऱ्याबरोबर दूर जाते. दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथे बागांतून निसटलेले हेच झुडूप उपद्रवी तण ठरले आहे. आपल्या शिप्रेच्या काठी तसे घडू नये, म्हणून शेंगा हिरव्या असतानाच काढून टाकाव्यात. शेंगांत खर्च होणारी शक्ती मग नव्या फुलांकडे वळते, म्हणजे यात आपलाही लाभ आहे.

आपल्यापैकी कोणी यंदा टेकोमा लावणार असल्यास त्यांना एवढीच विनंती : हातात झारी घेण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहा. चार बोटे खोलवर ओल लागली, तर झारी खाली ठेवा. माळीबुवांचे ते चिखलाने माखलेले बोट मी अद्याप विसरलेलो नाही.